मारते की पळवते

डबा पत्र्याचा होता आणि त्याच्यावरचं सगळं इंग्रजी होतं. अण्णाप्पांनी तो सुनेपुढं ठेवला आणि एकच विचारलं, ही पूड किडे मारती का पळवती?

चंदनबाला साताऱ्याची. सांगलीला विश्रामबागेच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली आणि दिवाळीनंतर लग्न होऊन या वारणाकाठच्या घरात आली. चौऱ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात कणगीतल्या जोंधळ्याला सोंडकिडे लागले होते. तिच्या सासूबाई, पद्मावती, दरवर्षी धान्य चाळायच्या आणि खाली पडलेले किडे मूठभर दाण्यांसकट गोठ्यामागं सावलीत नेऊन सोडायच्या. यंदा ते आवरेनात. म्हणून धन्यकुमारनं, चंदनच्या नवऱ्यानं, सांगलीहून डबा आणला. दुकानदार म्हणाला होता, किडे पळून जातात. अण्णाप्पांचं व्रत होतं, जाणूनबुजून जीव मारायचा नाही. गल्लीतली बाकीची जैन घरंही थांबली होती. अण्णाप्पांची शिकलेली सून काय सांगते, त्यावर सगळ्यांचं ठरणार होतं.

चंदननं डबा फिरवून फिरवून वाचला. प्रोटेक्ट म्हणजे राखणं. रेझिस्ट म्हणजे जागा न सोडता टिकून राहणं. वॉर्ड ऑफ म्हणजे दारातूनच परतवणं. रिपेल म्हणजे दूर लोटणं, चुंबकाची सारखी टोकं लोटतात तसं. कॉम्बॅट म्हणजे लढणं.

“लढाई म्हटल्यावर कुणीतरी मरनारच की,” अण्णाप्पा म्हणाले.

“पण किल कुठं लिहिलंय का?” धन्यकुमारनं विचारलं. नव्हतं लिहिलेलं. “मग झालं की. पळवती म्हणून सांग आणि मोकळी हो. सगळी खूश.”

सांगायला हरकत नव्हती. डब्यावर होतं तेच तिनं सांगितलं असतं. पण डब्यावर सगळी क्रियापदं धान्याच्या बाजूची होती. किड्याचं पुढं काय होतं, हे त्यातलं एकही सांगत नव्हतं. तिनं सासऱ्यांकडं एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मोठी परात घेतली. एका कडेला पूड लावलेला जोंधळा, दुसऱ्या कडेला साधा, मधे रिकामी जागा. किडे तिनं त्या रिकाम्या जागेत सोडले, म्हणजे त्यांना पाहिजे तिकडं जायला वाट राहील. पूड लोटणारी असेल तर ते साध्या जोंधळ्याकडं वळतील. नसेल तर काय होईल, हेही तिला कळत होतं. तरी तिनं सोडले.

परातीच्या काठावर चढणाऱ्यांना ती बोटानं हळूच मधे आणत राहिली. काही किडे साध्या दाण्यांत गेले. बाकीचे पुडीत शिरले, अगदी सहज, आपल्याच घरात शिरावं तसे. एकही बिचकला नाही. दुपारी साध्या जोंधळ्यातले चालत होते. पुडीतले पाय वर करून पडले होते.

धन्यकुमार जेवायला आला, परात बघितली आणि दबक्या आवाजात म्हणाला, “उकिरड्यात टाक. कुणी बघितलं न्हाई.”

तिनं परात उचलली आणि सोप्यात सासऱ्यांपुढं नेऊन ठेवली.

“मामा, ही पळवत नाही. मारते. आणि हे जे मेलेत, ते माझ्या हातानं मेलेत.”

अण्णाप्पांनी परातीवर वाकून बघितलं. मग त्यांनी विचारलं, “एकबी मागं फिरला न्हाई?”

“नाही.”

तेवढ्यात शेजारचे नाथाजी आले. पलटणीतून पेन्शनीवर आलेला रांगडा गडी. सगळं ऐकून म्हणाले, “मग द्या की मला. माझ्या गव्हाला लय उपेग हुईल.” अण्णाप्पांनी डबा जवळ ओढून घेतला. आपण मारायचं नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे त्यांना पटेना. ते सुनेला म्हणाले, “दुकानदाराला परत करायचा. पण त्याच्यावर मराठीत लिही, कुणालाबी वाचता यील असं.”

चंदननं बैलांच्या शिंगांना लावायच्या निळ्या रंगानं त्या सगळ्या इंग्रजी शब्दांवरून ठळक लिहिलं, ‘यानं किडे मरतात.’ नाथाजी मिश्कील हसले. आता ह्यो डबा लवकर खपंल, म्हणाले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली आणि आजचं जेवण सोडते म्हणाली. पद्मावती चुलीपुढून वळल्या नाहीत.

“सोड. पण दूध पी. उद्या सगळी कणगी उपसून चाळायची हाय, आणि माझ्या एकटीच्यानं ते हुनार न्हाई.”