साल नसलेलं नाणं

दोन हजार चार साली, एका रविवारी सकाळी, माझ्या नणंदेने नाणी तपासणाऱ्या दोन कंपन्यांची छापील पत्रकं टेबलावर ठेवली आणि बोटाने एकेक करून आपल्या भावाच्या ताटाकडे सरकवली. ती कुठलीही वस्तू अशीच सरकवायची. मिठाची बरणी असो की औषधाची गोळी. तीस वर्षं बोटीच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसून तिच्या हाताला तेच वळण लागलं होतं. घरात तिला मागून सगळे 'खिडकी' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं.

"वहिनी, दादाला सांगा, उजवीकडची कंपनी ठरली," ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे यजमान. ते समोरच बसले होते, पण कैक वर्षं भावाबहिणीचं बोलणं माझ्यामार्फत चाले. मी त्या घरातला टेलिफोन होते.

"तिला सांग," यजमान म्हणाले, "बाबांच्या नाण्याचं ती एकटी काही ठरवणार नाही."

"डबा बाबांचा. नाणं माझं."

"डबा बाबांचा, आणि त्यातली हवासुद्धा बाबांची. सांग तिला."

"पुढचा!" ती म्हणाली आणि उठून गेली. भांडण संपवायची तिची ही रीत होती. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून तसाच राही. जणू त्याच्या हातात तिकीट पडलंय आणि आता त्याने मुकाट्याने बाजूला व्हायचं.

या भांडणाचं मूळ फार जुनं. माझे सासरे त्याच खिडकीत तिकिटं द्यायचे. चौऱ्याहत्तर साली ते कामावर असतानाच गेले. बोटकंपनीने त्यांच्या जागी मुलाला घ्यायचं म्हटलं, बोलावलं, खिडकीत बसवून पाहिलं. पण रांग वाढली की यजमानांना सुट्टे पैसे मोजता येईनात. धाकटी बहीण बापाचं जेवण घेऊन रोज खिडकीशी जायची, तिला सगळे दर तोंडपाठ होते. खुर्ची तिला मिळाली. यजमान पुढे रंगाच्या कारखान्यात लागले, वर चढले, घर बांधलं, पण ती खुर्ची काही त्यांच्या डोक्यातून उतरली नाही. बहिणीचं लग्न जमलं नाही. ती आमच्याच मागच्या खोलीत राहिली आणि रोज सकाळी कंपनीचा निळा कोट घालून त्यांच्या डोळ्यांसमोरून बाहेर पडायची. रोज.

सासऱ्यांना चमत्कारिक नाणी बाजूला ठेवायचा नाद होता. वाकडं, भोक पडलेलं, चित्र उलटं बसलेलं. गल्ल्यात आपलं चांगलं नाणं टाकायचं आणि ते उचलून पावडरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. खुर्चीबरोबर तो नादही मुलीकडे आला आणि डबाही. त्या डब्यात हे नाणं होतं. टाकसाळीत ठसा पडताना सरकलेलं. त्यावरचं जहाज एका कडेला गेलेलं आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीसारखी कोरी जागा. साल जहाजाबरोबर कडेबाहेर गेलं होतं.

वर्तमानपत्रात असल्या नाण्यांच्या किमतींवर लेख येईपर्यंत ते घरात कुणाला नको होतं. लेख आल्यावर ते बाबांचं झालं. नणंद म्हणायची, टोपलीत बदक घेऊन एक बाई आली होती, तिने ते मला दिलं, मी गल्ल्यात माझं टाकून ते घेतलं. ही गोष्ट ती अक्षराचा फरक न करता सांगायची.

"दर वेळी तेच बदक," यजमान म्हणायचे. "एकदा तरी कोंबडी आण म्हणावं!"

मला विचाराल तर मला ती आवडत नव्हती. भाजी बिघडली की माझ्याकडे न बघता वाटी परत सरकवायची. पण जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजून देणाऱ्या बाईला तिच्याच घरात जेवताना चोर म्हणायचं, हे मला ऐकवत नव्हतं. जेवण अंगी लागत नव्हतं कुणाच्या.

शेवटी आम्ही तिघं नाणेवाल्याकडे गेलो. बाजारामागे जिन्याखाली त्याचं दुकान होतं, इतकं अरुंद की भावाबहिणीला खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. दोघांनीही श्वास आवरून धरला होता.

नाणेवाल्याने भिंग लावलं आणि म्हणाला, "हे बघा, ग्रेडिंगच्या कंपन्या म्हणजे काय? नाणं पाठवायचं. ते खरं की बनावट सांगतात, सत्तरपैकी नंबर देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावतात. मग त्यावर कुणी वाद घालत नाही. माझ्याकडून दोन कंपन्यांकडे माल जातो. एक गोड, एक कडू."

"गोड म्हणजे?" यजमानांनी विचारलं.

"पंधरवड्यात परत. नंबर सढळ हाताने. तुमचं साल दिसत नाही, तर ती लिहिणार 'साल नाही'. विषय संपला. कडूवाले महिनोन्‌महिने लावतात, पैसे दुप्पट, आणि नाणं चमकवायला कधी कुणी लिंबू चोळलं असलं तर नंबरच देत नाहीत. पण त्यांच्याकडे साचे जुळवून बघणारी माणसं आहेत. या जहाजाचं निशाण मध्ये एकदा बदललं. आधी मागे फडकायचं, नंतर पुढे. इथे निशाणाचा नुसता शेंडा उरलाय. तो कुठल्या निशाणाचा, ते लिहून देतील."

"बदललं कधी?" नणंदेने विचारलं. तिला ते माहीत होतं. ते भावाच्या कानावर पडायला हवं होतं.

"शहात्तर साली."

सासरे चौऱ्याहत्तरला गेले होते. नवं निशाण निघालं, तर ते नाणं त्यांच्या हाताला लागलेलंच नव्हतं.

"तुम्हीच सांगा की शेंडा कुठला ते," यजमान म्हणाले.

"मला तर नवाच वाटतो. पण मी विकणारा माणूस. माझ्या वाटण्याला कोण विचारतं?"

"मग गोड कंपनी. लवकर येईल, नंबर चांगला येईल, विकू, अर्धं अर्धं करू. कटकट मिटेल."

"वहिनी, दादाला विचारा," नणंद म्हणाली, "कडू कंपनी खोटं बोलेल अशी भीती वाटते, की खरं बोलेल अशी?"

नाणेवाला खाली वाकून उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला. यजमानांचे कान लाल झाले होते.

"तिला सांग, मी कुणाच्या बापाला भीत नाही. पाठव म्हणावं कडूला. आणि जुनं निशाण निघालं तर त्या दिवसापासून माझ्या घरात तोंड उघडायचं नाही."

"वहिनी, विचारा, आणि नवं निघालं तर?"

यजमान जिन्याकडे बघू लागले. तिने एका बोटाने नाणं काचेवरून नाणेवाल्याकडे सरकवलं. "कडू," ती म्हणाली. "फी माझी."

मग जे महिने गेले ते मला परत नकोत. ती आपल्या खोलीला कुलूप लावून अंघोळीला जाऊ लागली. यजमान ते कुलूप येता-जाता वाजवून बघत आणि मोठ्याने म्हणत, "बरोबर आहे, घरात चोर असला की कुलूप लागतंच." खोलीत परतली की ती रेडिओ वाढवायची. टेलिफोनचं काम मी सोडून दिलं. कुणाचाच निरोप कुणाला देईना झाले.

डबी आली ती तिने टेबलावर ठेवली आणि सरकवली. यजमानांनी चष्मा लावला. खरं. नंबर अठ्ठावन्न. साल दिसत नाही. निशाण नवं, शहात्तर किंवा त्यानंतरचं.

त्यांनी ते इतका वेळ वाचलं की मला वाटलं, आता निदान पाण्याचा तांब्या तरी तिच्याकडे सरकवतील. तेवढ्याने भागलं असतं. कैक वर्षांनी ते थेट तिच्याशी बोलले.

"म्हणजे बाबांचं नव्हे."

"नव्हे."

"खिडकीतलं."

"हो. बदकवाली बाई—"

"म्हणजे कंपनीच्या गल्ल्यातलं." त्यांनी चष्मा काढून मिटला. "कंपनीचं नाणं घरी आणलंस, आणि वर स्वतःच्या खर्चाने तसं लिहून घेतलंस. वा! बापाचा डबा फोडला नाहीस, कबूल. मालकाचा फोडलास."

"मी माझं नाणं टाकलं होतं आत."

"कुणी पाहिलं? बदकाने?"

मी 'पुढचा!'ची वाट पाहिली.  तिने डबी उचलून मुठीत धरली आणि ती खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती निळा कोट घालून माझ्यासमोर उभी राहिली. निवृत्त झाल्यापासून तो खुंटीलाच होता. "वहिनी, येता का बरोबर?" म्हणाली. तिने माझ्याकडे कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं. मी चपला घातल्या.

धक्क्यावरच्या कचेरीत साहेब तरुण होता, तिला ओळखत होता. तिने डबी त्याच्यापुढे सरकवली. "हे कंपनीचं नाणं. माझ्याकडे राहिलं होतं."

साहेबाने डबी उलटसुलट पाहिली. "बाई, तुमचे हिशेब कधीच पुरे झाले. एक पैसा कमी नव्हता. ह्याचं मी काय करू? घरी ठेवा."

"घरी ठेवायची सोय नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठेवून घ्या. नाही तर ही इथून उठायची नाही."

"बरं. पावती देऊ?"

"पावती नको. खिडकीशेजारी भिंतीला लावा. लोकांना दिसेल अशी."

शिपायाने पितळी पट्ट्या ठोकून डबी लावली. ती हात मागे बांधून बघत होती. "डावीकडून उतरलीय जरा," एवढंच म्हणाली. त्याने परत ठोकली.

त्याच महिन्यात तिने धक्क्याजवळ खोली घेतली. सामान न्यायला हातगाडी आली तेव्हा यजमान दाढी करत होते. त्यांनी दाढी थांबवली नाही.

यजमान पुढे नऊ वर्षं जगले. पलीकडच्या तीरावर जायचं झालं तर बसने लांबच्या पुलावरून जायचे. बोट लागते म्हणायचे. आधी कधी लागत नव्हती. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, "निशाण खरंच पुढे होतं का गं?" मी म्हटलं, होतं. ते कूस बदलून झोपले. ते गेले तेव्हा नणंद आली, दारातच उभी राहिली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेली. पुढे ती तिच्या खोलीतच वारली; घरमालकिणीने कळवलं. तो पावडरचा डबा मला मिळाला. रिकामा होता, आत पुसलेला. नाणेवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. गोड कंपनी बुडाली म्हणे. कडू अजून आहे. साहेबाची बदली झाली.

गेल्या महिन्यात मी बोटीने पलीकडे गेले. डबी तिथेच आहे. इतकी वर्षं ऊन खाऊन चिठ्ठी पांढरी पडलीय. नंबर गेलाय, शहात्तर गेलंय. जहाज तेवढं दिसतं, कडेला सरकलेलं.

खिडकीतल्या मुलीला विचारलं, "हे काय आहे गं?"

"काय माहीत, आजी. मी आले तेव्हापासून आहे."

"एक बाई आली होती," मी म्हटलं. "तिच्या टोपलीत बदक होतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, तिकीट माझ्याकडे सरकवलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "पुढचा."