दोन मासोळ्यांची सरी

मी सरी बोलतेय. बसा, आणि हात जरा मागे ठेवा. मला बघायला आलेल्या प्रत्येकाला आधी हातच लावायचा असतो!

गोंदियाहून छकड्याने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं अशा एका गावात, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, उमराव पाटलांच्या घरी मी राहते. गळ्याभोवती बसणारं, बोटाएवढं जाड सोन्याचं कडं म्हणजे मी. मुर्रीपासून बिरसीपर्यंत माझं नाव. गावातली कुठलीही पोरगी लग्नाला उभी राहिली, बाप जमीनवाला असो की मजूर, तर त्या दिवशी तिच्या गळ्यात मीच. ही घरची रीत. पण सुशीलाबाई पाटलीण मला स्वतःच्या हाताने घालणार, स्वतःच्या हाताने काढणार. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाहीत.

कारण सांगू? जवळ या. मी आतून लाखेची! वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत पळसावरची लाख ठासलेली. बरीच वर्षं हे ठाऊक होतं फक्त दोघींना, मला आणि सुशीलाबाईंना. खुद्द पाटलांनाही नाही. ते ओसरीवर मिशीला पीळ देत सांगायचे, "भरीव हाय बाप्पा, चोवीस तोळे!" आणि मी पेटीत पडल्या पडल्या हसायची.

खरी गंमत पुढेच. मला घातलं की प्रत्येक नवरी मान वाकवून म्हणणार, "लय जड हाय वो!" आणि भोवतालच्या चार बाया माना डोलावणार. जड आहे असं एकदा सांगून ठेवलं की माणसाची मान आपोआप वाकते. मी काही करत नाही, शप्पथ. कधी एखादीचे केस टोकाच्या गाठीत धरून ठेवायचे, एवढीच माझी खोडी.

सत्तावन्न साली मात्र माझे ग्रह फिरले. पाटील-पाटलिणीच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. गावात असली वर्षं कोणी मोजत नाही, पण लेक यादोराव नागपूरला शिकून आलेला. त्याने कॅलेंडरवरच्या बाईच्या गळ्यातला हार दाखवला. "माय, सरी आता जुनी झाली. गाळून असा हार करू. समारंभात तुह्या गळ्यात शोभून दिसन."

"नोको."

"काऊन नोको म्हणून राहिली?"

"मले हेच बरी."

पाटील मध्ये पडले, "अवो, पोरगा म्हणते तं करू दे ना. चोवीस तोळ्यात दोन हार होतेत!"

झालं! गाळलं की पन्नास वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार, आणि तेही पाटलांच्या तोंडावर. गोंदियाच्या वाटेवर सुशीलाबाईंनी मला पदराखाली असं धरलं होतं, की त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या लाखेपर्यंत पोचत होते.

मुन्नालाल सोनाराने मला तळहातावर घेतलं मात्र, त्याची एक भुवई वर गेली. मला हातात घेऊन 'जड' न म्हणणारा हा पहिलाच माणूस! त्याने माझ्या टोकाला आच दिली. लाखेचा वास सुटला. लाखेचे कारखाने असलेल्या गोंदियात तो वास कोणाला सांगावा लागत नाही.

"पाटीलजी, इसमें तो लाख भरी है!"

यादोराव उसळला. "कोण्या सोनारानं ठगवलं माह्या आजोबाले?" पाटलांची मिशी ओल्या धानासारखी खाली आली.

"कोणी नाही ठगवलं," सुशीलाबाई म्हणाल्या. "म्याच काढून देल्ली होती. मी नवी नवरी. तलावाची पाळ अर्धी झाली, मजुरीचा पैसा सरला अन् मजूर उठून चालले. पावसाच्या आंधी बांधली नसती तं सारी वाहून गेली असती. तुह्ये आजोबा, माह्ये मामाजी, ताटावरून उठले. म्या सरी काढून त्याइच्या पुढं ठेवली. सोनं पाळीत गेलं, सरीत लाख भरली. मामाजी म्हणले, 'बाई, गावात बोभाटा नोको. उमरावले तं सांगजोच नोको, त्याचं तोंड म्हणजे बिनझाकणाचं मडकं.'"

जीव टांगणीला होता तरी मडक्याचं ऐकून मला हसू आवरेना.

पाटलांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "पन्नास वर्सं! अन् मी भरीव भरीव म्हणून ओरडून राहिलो?"

"तुमी ओरडले म्हणूनच कोणी तपासलं नाही जी."

मुन्नालाल खो खो हसला. पाटलांनी मला उचललं, या बोटावरून त्या बोटावर फिरवलं आणि परत त्याच्यापुढे ठेवलं. "गाळू नोको. लाखच भर."

"भरता हूँ. लाखेत विटेचा भुगा मिळवावा लागतो, पाटीलजी."

"वीट कायले? पाळीची माती आणून देतो."

"मंग नवं काय केलं?" यादोराव कॅलेंडरची सुरळी करत म्हणाला.

सुशीलाबाईंनी माझ्या टोकांवर बोट ठेवलं. "ह्या गाठी काढ, अन् दोन मासोळ्या कर. आपल्या तलावातल्या."

अशी मी नवी झाले! समारंभाला त्यांच्या गळ्यात दोन मासोळ्या तोंडाला तोंड लावून अशा चमकल्या, की कॅलेंडरवरच्या बाईने हार उतरवून ठेवावा. पण मडक्याला झाकण कुठलं? पाटलांनी सगळी कथा स्वतःच सांगितली, संध्याकाळपर्यंत मुर्रीला पोचली. सुशीलाबाई मला पेटीत ठेवताना पुटपुटल्या, "आता तुले कोण मागते, बाई?"

आठ दिवसांनी बकाराम मजुराच्या शामकलेचं लग्न होतं. सकाळपासून सुशीलाबाईंचे डोळे दाराकडे. शामकलेची माय आली, अंगणातच उभी राहिली.

"पाटलीणबाई, सरी?"

"लाखेची हाय, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय जी. तेच पायजे."

सुशीलाबाईंनी मला शामकलेच्या गळ्यात घातलं. तिने मासोळ्यांवर बोट फिरवलं, मान वाकवली आणि म्हणाली, "लय जड हाय वो!"

चार बायांनी माना डोलावल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी हसले नाही.

आता साठ साल लागलंय. मासोळ्यांचे डोळे थोडे घासलेत, पण अंग ठणठणीत. यंदाच्या नवऱ्या आधीच नाव लावून बसल्यात. तुमच्या घरी लेकीचं लग्न असेल तर खुशाल मागायला या. फक्त येताना तराजू आणू नका.