रुबिकॉन नावाचं कटिंग मशीन

मित्रांनो, मी एका छापखान्यातलं जुनं कटिंग मशीन आहे. अंग ओतीव लोखंडाचं. वरचं चाक फिरवलं की दाबपट्टी खाली येऊन कागदाची थप्पी आवळते, आणि दांडा ओढला की हातभर लांब पातं खाली उतरतं. पाचशे कागद एका दमात. राहिलेलं पुन्हा कापता येतं. कापलेलं मात्र कुणाच्या बापाला जोडता येत नाही.

माझं नाव ठेवलं तात्यांनी. तात्या आमचे मुद्रितशोधक. छापलेल्या मजकुरातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम आणि माणसांच्या चुका शोधणं हा त्यांचा छंद. मला चालवणाऱ्या दादानं एकदा घाईत निमंत्रणपत्रिका तिरक्या कापल्या, तेव्हा तात्यांनी सगळ्यांना गोळा करून एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी रुबिकॉन नावाची एक लहानशी नदी होती. फौज घेऊन ती ओलांडायची नाही, असा कायदा. एका सेनापतीनं ती ओलांडली. नदी कसली, ओढाच तो; पण पलीकडे पाय पडला आणि स्वतःचंच राज्य त्याचं वैरी झालं. आता जिंकायचं, नाहीतर मरायचं. ती नदी नेमकी कुठली, यावर पुढं विद्वान भांडत बसले. नाव मात्र उरलं, 'आता माघार नाही' एवढ्या अर्थापुरतं.

"हे पातं म्हणजे रुबिकॉन," माझ्यावर थाप मारून तात्या म्हणाले. "मला विचारल्याशिवाय ओलांडायचं नाही."

तेव्हापासून रीतच पडली. दांड्याला हात लावून दादा ओरडायचा, "रुबिकॉन?" तात्या येऊन थप्पी पाहायचे आणि म्हणायचे, "ओलांड!" हळूहळू शब्द छापखानाभर झाला. कुणाचं लग्न ठरलं, झाला रुबिकॉन. कुणी नोकरीवर लाथ मारली, झाला रुबिकॉन. मला फार मान वाटायचा. दर शनिवारी न चुकता तेल मिळायचं.

पण तात्यांनी त्या तिरक्या पत्रिकांतली एक दोऱ्यानं माझ्या चाकाला बांधली आणि वर्षभर सोडू दिली नाही. येईल त्याला दाखवायचे, "बघा, आमच्या दादांची कलाकुसर!" दादा हसायचा. कागदाच्या घड्या घालणाऱ्या मावशींनाही त्यांनी असंच एकदा सगळ्यांदेखत रडवलं होतं. दोघांनी ते विसरायचं नाही असं ठरवलं होतं.

पुढं तात्यांची नजर गेली. मुद्रितं ते घरी नेऊन दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. इथं मात्र पावलं मोजून माझ्यापर्यंत यायचे, थप्पीवर वाकायचे आणि सवयीनं "ओलांड" म्हणायचे. मालकांना कळतं तर त्यांना घरी बसवलं असतं, म्हणून त्यांनी ते लपवलं. दादानं मात्र ओळखलं.

त्याच वर्षी तात्यांचं स्वतःचं पुस्तक छापलं गेलं. गावांची, नद्यांची, रणांगणांची नावं माणसांच्या बोलण्यात शब्द होऊन कशी बसली, यावर त्यांनी वीस वर्षं घासली होती. दोनशे प्रती. ज्यांनी छापलं ते अक्षरांचे शिशाचे खिळे केव्हाच सुटे होऊन आपापल्या खान्यांत गेले होते, म्हणजे पुन्हा छापणं नाही. प्रती शिवून झाल्या होत्या. कडा तेवढ्या कापायच्या. दहा-दहाच्या वीस थप्प्या.

थप्पी जिला टेकवून लावतात ती माझी मागची पट्टी दादानं बोटभर पुढे सरकवली. आता पातं समासावर नाही, मजकुरावर उतरणार होतं. मावशींनी ते पाहिलं आणि मान खाली घालून घड्या घालत राहिल्या.

"रुबिकॉन?" दादाचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता.

तात्या वाकले. "ओलांड!"

ओळींच्या टोकांची अक्षरं भुशासारखी खाली पडली. दादानं एक प्रत त्यांच्या हातात दिली. "तात्या, जरा मोठ्यानं वाचा की. तुमचं पुस्तक आहे."

तात्यांनी पान उघडलं आणि घडाघडा वाचलं. सगळं पाठच होतं.

"वा!" दादा म्हणाला. "कापून टाकलेलंसुद्धा वाचता!"

कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांचं बोट कागदावरून सरकत गेलं. खिळ्यांचा दाब बोटाला लागतो, मित्रांनो. ओळ कडेपर्यंत येऊन तुटत होती.

त्यांचा चेहरा पाहून दादाची सगळी हौस फिटली. तो हळूच म्हणाला, "पट्टी मागं घेतो. एकच थप्पी गेलीय. नुसतं दिसत नाही म्हणा."

"म्हणा हो तात्या," मावशी म्हणाल्या. "एकोणीस बाकी आहेत."

तेवढ्यात गलका ऐकून मालक दारात आले. "काय झालं?"

"काही नाही," तात्या म्हणाले. "बरोबर कापलंय. पुढची घे."

दादा पट्टीला हात लावणार होता. पण मालकांसमोर पट्टी हलवणं म्हणजे आपलं पाप कबूल करणं. त्यानं हात मागं घेतला.

"मी पाहिलंय ना? ओलांड!"

एकोणीस वेळा तात्या ते म्हणाले. मालक दारातून हलले नाहीत. शेवटी शेवटी दादा रडत होता, तरी दांडा ओढत होता.

आठवड्याच्या आत चूक उघडकीला आली. प्रती रद्दीत गेल्या आणि तात्या घरी गेले. दादा अजून माझ्यावरच आहे. कापण्याआधी तो आता कुणाला विचारत नाही, मला तेलही घालत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची निगा राखा, पात्याला धार लावा. पण एक गोष्ट त्याहून आधी करा. प्रत्येक थप्पीच्या वेळी तात्या, दादा, मावशी या तिघांपैकी कुणीतरी 'थांब' म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली. मला आपणहून थांबता येत नाही. तुम्हाला येतं.