अंजनाबाईंचा व्हिस्कोमीटर

मित्रांनो, मी एक जुना व्हिस्कोमीटर आहे. नाव मोठे, पण मी म्हणजे वाकवलेली एक बारीक काचेची नळी. द्रव माझ्यातून उतरायला किती सेकंद घेतो, त्यावरून तो किती घट्ट आहे ते कळते. अंबाल्याच्या एका कारागिराने मला फुंकून घडवले. १९६१ साली पेंढ्यात गुंडाळून मी बालाघाटच्या एका महाविद्यालयात आलो. दहा वर्षे मुलांनी माझ्यातून ग्लिसरीन आणि साखरेचे पाणी सोडले. मी तेव्हाच थकलो होतो.

मग अंजनाबाईंनी मला हाती घेतले. त्या तिथेच शिकवत आणि जबलपूरच्या एका सरांकडे प्रबंध करत. मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या थायमस ग्रंथी बर्फात घालून आणायच्या आणि त्यांतून हिस्टोन काढायचे. गुणसूत्रातला डीएनएचा लांब धागा आवरून धरणारी ही प्रथिने. त्यांच्या अंगावर जागोजागी धन प्रभार असतात. ते एकमेकांना ढकलतात, म्हणून नुसत्या पाण्यात हे प्रथिन ऐसपैस पसरते. ते माझ्यातून उतरायला एकशे एकतीस सेकंद लागले. बाईंनी चिमूटभर फॉस्फेट घातले, तर एकशे बाराच. त्याच्या ऋण आयनांनी ती ढकलाढकली शमवली आणि प्रथिन आटोपशीर गुंडाळले गेले. साखरेला प्रभार नसतो; ती घातली तेव्हा असे काही झाले नाही.

तीन वर्षांचे काम सरांना पाठवले. उत्तर आले. प्रयोगशाळेसाठी शुद्ध पाणी गाळणाऱ्या रुख्माबाईंनी विचारले, "काय म्हन्ते पत्र?"

"गर्मीत प्रथिन कुजून तुटलं म्हन्ते, मावशी. म्हनून लवकर उतरते. काम बंद करा म्हन्ते."

"मंग तुटलं काय?"

"मले तसं वाटत नाही. तुटलं असन तर पुन्हा जुळनार नाही. फॉस्फेट काढून पाहावं लागन. पन आता जीव नाही राह्यला, मावशी."

"पाहून तर घ्या. पानी मी देतो काढून."

द्रव सेलोफेनच्या पिशवीत भरून शुद्ध पाण्यात टांगला. फॉस्फेट बाहेर झिरपले, प्रथिन आत राहिले. दोन दिवस रुख्माबाई पाणी बदलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो द्रव माझ्यात ओतला आणि घड्याळ दाबले. एकशे तीस. प्रथिन तुटले नव्हते. त्याने फक्त आकार बदलला होता, आणि आता पहिला आकार परत घेतला होता.

"झालं काय, बाई?"

"हौ," एवढेच म्हणून बाई स्टुलावर बसल्या आणि टेबलावर डोके टेकून झोपी गेल्या. पुढे सरांनी प्रबंधाचे ते प्रकरण मान्य केले. बाईंना पदवी मिळाली, नोकरीही जबलपुरात लागली. रुख्माबाई निवृत्त झाल्या.

त्यानंतर मला कुणी नीट धुतले नाही. आत वाळलेला मळ काढायला एकाने लोखंडी तार घातली आणि माझी नळी आतून खरवडली गेली. आता साधे पाणीही मी बरोबर मोजत नाही, तरी कुणी ना कुणी मला लावते आणि माझा आकडा वहीत लिहून घेते.

मित्रांनो, काचेची नळी काम झाल्याबरोबर धुऊन उलटी वाळवायला पाच मिनिटे लागतात. तेवढी द्या. आणि मला आता मोजायला लावू नका. खोटा आकडा सांगत राहण्याचा फार शीण होतो.