दुसरी हाक

कमळाकरनं गाडी आणली तेव्हा पेणच्या अख्ख्या रामवाडीनं त्याला वेड्यात काढलं. आणि का काढू नये? चांगलं राहतं घर, पुढं ओटी, मागं विहीर, आणि हा बाबा म्हणे गाडीत झोपणार! कोकण रेल्वेचं काम आटपत आलं होतं. कोलाडला एका कंत्राटदारानं जुना पसारा मोडीत काढला, त्यातली ही मॅटाडोर. सर्व्हेची माणसं हिच्यात मुक्काम करायची. आत समोरासमोर निजण्याजोगी दोन बाकं, कोपऱ्यात स्टोव्हची फळी, टपावर पाण्याची टाकी. बाकी सगळा गंज.

खरी हौस अनिताची, त्याच्या बायकोची. पोरबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. पार गोव्यापर्यंत जायचं, समुद्र आवडेल तिथं गाडी लावायची, चहा करायचा, तिथंच झोपायचं. माहेर रोहा आणि सासर पेण, यापलीकडं तिनं जग पाहिलं नव्हतं. सासूचं काय करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा धोंडुबाईच म्हणाली, "जा गो, मी काय पलून जातेय व्हय?" म्हातारीला दिसायचं कमी, पण पावलावरून माणूस ओळखायची.

कमळाकर रोह्याच्या एका कंपनीत फिटर. गॅरेजवाल्याच्या हातात गाडी देणं म्हणजे त्याला अब्रू गेल्यासारखं. त्यानं दुपारी तीनची शिफ्ट लावून घेतली आणि सकाळपासून जेवणापर्यंतचा वेळ गाडीला दिला. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, खाचखळग्यांत लांबी भरली, घासली. मागच्या दाराचं आतलं हँडल तुटकं निघालं. तसलं दुसरं मिळेपर्यंत त्यानं बाहेरून एक कडी ठोकून दिली. तात्पुरती हो. आपल्याकडं तात्पुरतं म्हणजे किती दिवस, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

तर एकदा भर दुपारी तो गाडीखाली उताणा पडून सायलेन्सरचे बोल्ट सोडवत होता. वरून, गाडीच्या आतून, हाक आली.

"कमळाकर."

ओरडून नाही. घरातलं माणूस जेवायला बोलावतं तशी, साधी. बाईची की बाप्याची, कळेना. त्याच्या तोंडात 'ओ' आलाच होता, तो त्यानं गिळला. कारण एक तर अनिता त्याला नावानं हाक मारायची नाही, ती 'अहो'वाली. आणि दुसरं म्हणजे हाक एकदाच आली होती. खाडीकाठच्या घरात वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. तो सरपटत बाहेर आला, कडी काढून आत बघितलं. दोन बाकं, स्टोव्हची फळी, बाकी कुणी नाही.

रात्री कामावरून आल्यावर त्यानं आईला हळूच विचारलं. धोंडुबाईचा हात ताटातच थांबला.

"नाव घेऊन? आणि एकदाच?"

"एकदाच."

"मग ओ देऊ नको. माणूस असला तर परत हाक मारंल. त्यांना दुसरी हाक मारता येत नाय. आणि ओ दिलीस ना, की ते तुज्या मागं घरी आलंच. मग काय केल्या जात नाय."

अनिताला त्यानं काही सांगितलं नाही. ती पडद्याला कापड कुठलं घ्यायचं या विचारात होती, तिच्या हौसेवर पाणी कशाला ओता? त्यानं मनाशी ठरवलं, गाडीच वाजते आहे. फिटर माणूस, आवाज आला की बिघाड शोधणार. उन्हात पत्रा तापून कुरकुरत असेल म्हणून टपाला चुना दिला. टाकीच्या नळीत हवा धरत असेल म्हणून नळी बदलली. खिडक्यांतून वारा शिरत असेल म्हणून सगळ्या खिडक्यांना नवं रबर बसवलं, इतकं घट्ट की आत मुंगी शिरेल तर शपथ. त्या कामावर तर तो फारच खूश होता.

हाक यायची ती येतच राहिली. रोज नाही, पण यायची तेव्हा ऐन दुपारी. आणि वाईट गोष्ट ही, की दुरुस्ती होईल तसतशी ती स्वच्छ होत गेली. आधी घसा बसल्यासारखी होती. पत्रा बदलल्यावर मोकळी झाली. रबर बसल्यावर तर त्याला 'कमळाकर'मधला 'ळ' असा ऐकू आला, की कुणी जीभ उचलून नीट उच्चारलाय. जणू तो गाडी नाही, तिचा गळा दुरुस्त करत होता. त्याला भीती वाटायला लागली, खरीखुरी. गप्प बसायचं, दात आवळायचे, पाना फिरवत राहायचं. किती वेळा तर 'ओ' अगदी ओठांपर्यंत यायचा.

सुट्टीचा दिवस होता. अनिता पडद्याचं कापड आणायला बाजारात गेली होती, आणि अजून तिकडंच आहे असं तो समजत होता. गाडीचं नाक उघडून तो रेडिएटरच्या जाळीचा वाकलेला पत्रा हातोडीनं सरळ करत होता. ठणाठण, ठणाठण. मध्येच मागचं दार वाऱ्यानं आपटल्याचा आवाज आला. आपटू दे, म्हटलं.

झालं होतं असं, की अनिता लवकर परतली होती. विहिरीकडच्या वाटेनं ती मागून आली आणि गाडीत शिरली. बाकांना रेक्झिन चिकटवून नवऱ्याला चकित करायचं तिच्या मनात होतं. चिकटवायच्या सोल्युशनचा डबा तिनं उघडला. दार आपटलं आणि बाहेरची कडी आपसूक अडकली. सोल्युशनचा वास तुम्ही कोंडलेल्या जागेत घेतला नसेल, घेऊही नका. खिडक्या उघडायला गेली तर नव्या रबरात काचा चिकटून बसलेल्या. तिनं दार बडवलं, पण हातोडीपुढं तिच्या मुठीचा काय पाड? मग तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

कमळाकर घाम पुसायला थांबला, तेव्हा हाक आली.

"कमळाकर."

त्यानं दात आवळले. हातोडी पुन्हा उचलली.

"क... मळा... कर."

हातोडी हातातच राहिली. दुसरी हाक! आणि ही पहिलीसारखी नव्हती. विहिरीतून भरलेली घागर एका हातानं ओढताना माणसाचा आवाज होतो तशी, मोडत मोडत, सगळा जोर लावून काढलेली. जे जमत नाही ते कुणीतरी करत होतं. कमळाकर धावला. मागच्या दाराशी अनिताच्या चपला होत्या.

कडी काढून त्यानं तिला बाहेर ओढलं, अंगणात आणलं, विहिरीचं पाणी तोंडावर मारलं. धोंडुबाई चाचपडत आली आणि सुनेचे तळपाय घासत बसली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अनिता खोकली, ओकली, आणि तिनं डोळे उघडले. कमळाकर लहान पोरासारखा रडला, आईसमोर, शेजाऱ्यांसमोर, कशाची लाज न धरता.

संध्याकाळी ती उठून बसल्यावर त्यानं विचारलं, "तू मला हाक मारलीस काय गं? नावानं?"

"मी? तुमचं नाव घेऊन?" ती क्षीण हसली. मग हसू गेलं. "माझा तर आवाजच फुटत नव्हता. समोरच्या बाकावरून मारत होतं कुणीतरी. पहिल्यांदा मारली, तुम्ही आला नाहीत. मग ते खाली वाकलं, गुडघ्यावर हात ठेवून, आणि परत मारली. त्याला फार लागलं हो त्या हाकेनं. मला कळत होतं."

आता मात्र त्यानं तिला सगळं सांगितलं. धोंडुबाई भिंतीला टेकून ऐकत होती. अनिता म्हणाली, "इतके दिवस हाका मारतंय, आणि तुम्ही एकदा ओ नाही दिलीत?"

"आये, तू बोल," कमळाकर म्हणाला. "गाडी विकून टाकू?"

धोंडुबाईनं भिंतीचा टेका सोडला. "ज्यानं माजी सून राखली त्याला इकतोस?" ती म्हणाली. "ओ द्यावी का नाय, ते तू बघ. दिलीस तर मागं घेता येत नाय, येवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाकर गाडीत जाऊन बसला. दार सताड उघडं ठेवलं. एका बाकावर तो, समोरचं बाक रिकामं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पळून जावं असं दर श्वासाला वाटत होतं, आणि काल अनिताचं निळं पडलेलं तोंड आठवून तो पुन्हा बसून राहात होता.

"कमळाकर."

हातभर अंतरावरून.

"ओ," तो म्हणाला.

काहीच झालं नाही. मग समोरच्या बाकाचा फोम हळूहळू वर आला, वरचं वजन उठल्यावर येतो तसा. गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर किंचित डुलली. पायरी करकरली. बाहेर वाळका पाचोळा एकदा वाजला आणि वाजायचा थांबला. त्याची वाट बघत उभं असल्यासारखं.

कमळाकर उतरला आणि घराकडं चालू लागला. मागं वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. पाचोळा त्याच्या मागून वाजत आला, त्याच्या पावलागणिक एक पाऊल. तो ओटी चढून आत गेला तेव्हा आवाज थांबला.

माजघरातून धोंडुबाईनं मान वर केली. "कमळाकर, तुज्या मागून कोण आलाय रे? उंबऱ्यात कशाला थांबलाय?"

अनिता चुलीपुढून उठली, ओले हात पदराला पुसत दाराशी आली, आणि रिकाम्या उंबऱ्याकडं बघत राहिली. मग ती बाजूला सरकली.

"या, आत या," ती म्हणाली, आणि पाणी आणायला तांब्या घेऊन वळली.