सुरीचं घर

माझ्या थोरल्या वाल्मिकचं लग्न झालं त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तरला, साजगावच्या कारखान्यात जपानी साहेब आला. लग्न वैशाखात झालं, सून चंद्रभागा लोधिवलीची. साहेब पावसात आला, त्याच्या यंत्राच्या पेट्या त्याच्या मागोमाग. पेट्या उकलायच्या आणि ठोकायच्या हे माझं काम. सुतारकी आमच्या घरची नव्हे. पेट्या ठोकता ठोकता ती माझ्या हातात आली.

माझी बायको पारू साहेबाच्या बंगल्यावर अंगण झाडायला होती. भातकापणी लागली तशी आतली बाई शेतावर निघून गेली आणि बंगल्याचा कारभार बघणाऱ्या रामभाऊने नाइलाजाने पारूला आत घेतलं. आमच्यातली बाई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पहिल्यांदाच उभी राहिली. आम्ही धर्म बदलून तेरा वर्षं झाली होती, पण गावात अजून आमच्या हातचं पाणी घेत नव्हते. पारू मला म्हणाली, "आता बघा, एक डाग ठेवणार नाय." तिने भांडी एकदा घासली की पुन्हा घासायची. बोटांची सालं निघाली होती तिच्या.

साहेब स्वतः मासे कापायचा. त्याने जपानहून तीन सुऱ्या आणल्या होत्या, आणि प्रत्येक सुरीला लाकडाचं म्यान. पारू त्याला सुरीचं घर म्हणायची.

एका शुक्रवारी साहेब मुंबईला गेला. सोमवारी परत यायचा होता. शनिवारी सकाळी पारूने सगळं स्वयंपाकघर धुवायला काढलं. त्यात सर्वांत मोठ्या सुरीचं म्यान तिने सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातलं आणि मग उन्हात ठेवलं. चांगलं घासलं म्हणजे चांगलं झालं, एवढंच तिला माहीत. दुपारी बघते तर म्यानाची मधोमध दोन फळकुटं झालेली, आणि दोन्ही पापडासारखी वाकलेली.

त्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून तीनला घरी आलो तर ती उंबऱ्यावर बसली होती. पदरातून तिने ती फळकुटं काढली.

"रामभाऊनं बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं. म्हणला, सायबाला येऊ दे, मंग तुझी रवानगी. म्हणला, तुमा लोकांना आत घेतलं तीच माझी चूक झाली."

पाय इतके दुखत होते की मला फक्त आडवं व्हायचं होतं. पण फळकुटं हातात घेतली आणि आतून बघितली. कुठे खिळा नाही. दोन फळ्या आतून कोरून एकमेकींना चिकटवलेल्या. सांध्यावर पांढरट काहीतरी होतं. जिभेला लावलं. भात होता तो. भाताच्या खळीने चिकटवलेलं लाकूड, ते गरम पाण्यात सुटणारच.

आत पेन्सिलीने दोन अक्षरं काढली होती. मला तेव्हा आपलीच अक्षरं येत नव्हती, त्यामुळे ती काही परकी वाटली नाहीत.

"होईल काय वो?" पारूने विचारलं.

"लाकूड कुठनं आणू? ओलं घेतलं तर सुरी गंजंल. सागाचं तेल सुरीला लागंल. हलकं, सुकलेलं, बिनवासाचं पायजे. शिवणीचं."

आमच्या घरात शिवणीची एकच वस्तू होती. आढ्याला टांगलेला पाळणा. माझ्या बापाने पोशीरच्या एका ठाकराकडून करून घेतलेला. आमची चारही पोरं त्यात निजली, त्यातली दोन राहिली. आता वाल्मिकचं लग्न झालेलं.

मी वर बघितलं तसं पारूनेही बघितलं. चुलीपाशी बसलेली चंद्रभागा म्हणाली, "काढा की मामा. पोर झोळीत बी झोपतं."

"तुजं पोर अजून कुठं हाय गं?" पारू म्हणाली.

"म्हणून तर म्हणते. रडणार कोण हाय?"

पारू त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पाळण्याच्या दोन बाजूच्या फळ्या निघाल्या. सुरी बंगल्याबाहेर आणली असती तर चोरी झाली असती, म्हणून पारू पुन्हा बंगल्यावर गेली आणि वर्तमानपत्रावर सुरी ठेवून कोळशाने तिचा आकार ओढून आणला. पाठीची जाडी मोजायला तिने झाडूचे हीर लावून बघितले होते. दोन हीर, म्हणाली, थोडे दाबून. एवढं नेमकं माप मला कारखान्यात कुणी दिलं नव्हतं.

माझ्याकडे हातकरवत होती, एक छोटा रंधा, आणि मोडक्या कानशीपासून घासून केलेली पटाशी. पहिली फळी मी शनिवारीच घालवली. घाईने लाकडाच्या उलट्या रेषेवर पटाशी मारली आणि ती टोकापर्यंत चिरत गेली. उरली एक. रविवारी सकाळी तीच करवतीने उभी चिरून दोन पातळ फळ्या केल्या. त्यातली एखादी गेली असती तर पाळणाही गेला असता आणि कामही.

मग हात आपोआप सावकाश झाला. कोळशाचा आकार दोन्ही फळ्यांवर उतरवला आणि आत कोरत गेलो, एकेक कपची, नखाएवढी. अवघड काम धारेच्या बाजूचं. माझ्या पेटीच्या सवयीप्रमाणे मी सगळं घट्ट बसवायला निघालो होतो. मग जुनं फळकूट पुन्हा हातात घेतलं. धारेपाशी ते जास्त खोल होतं. आमच्याकडचे ठाकर कंबरेला लाकडाची आकडी बांधतात, त्यात कोयता पाठीवर अडकतो आणि धार मोकळी लोंबते, तसंच. सुरीला पाठीने धरायचं, धारेला लाकूड लागू द्यायचं नाही. एवढं कळल्यावर बाकी फक्त पाठ दुखवणं उरलं.

चंद्रभागेने शिळा भात पाटावर घोटून त्याची खळ केली. शीत राहिलं नाही असं बोट फिरवून तिनेच बघितलं. दोन्ही फळ्या चिकटवल्या, सुतळीने आवळल्या, सुतळीत पाचरी मारल्या. दुपारभर ते उन्हात न ठेवता सावलीत ठेवलं. मग बाहेरून रंधा आणि शेवटी काचेचा तुकडा फिरवला. सुरी बाहेर येऊ नये म्हणून बांबूची खुंटी केली. आत लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

सोमवारी माझी दुसरी पाळी होती. पारू म्हणाली, "तुमी चला. सुरी अडकली तर तासायला कोण हाय?"

साहेब ओट्यापाशी उभा होता. रामभाऊ त्याच्या बाजूला. साहेबाने सुरी म्यानात सरकवली, उलटी धरली आणि हलवली. पडली नाही. परत काढली, धार उजेडात बघितली. मग म्यान नाकाशी नेलं. दुसऱ्या दोन म्यानांशेजारी ठेवून त्याने रामभाऊकडे बघितलं. नवं आहे हे कुणालाही दिसत होतं.

रामभाऊ मोडक्या इंग्रजीत बोलायला लागला. मला भाषा कळत नव्हती, पण तो छातीवर हात ठेवून बोलत होता. जुनं खराब झालं, मी नवं करवून घेतलं, असं तो सांगत होता. साहेबाने मान डोलावली. झालं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. पारूचं काम राहिलं होतं.

पारूने पदरातून जुनी दोन फळकुटं काढली आणि ओट्यावर मांडली.

"मी भिजवलं," ती स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली. मग माझ्याकडे. "ह्यांनी केलं. रामभाऊनी नाय."

"पारूबाय, गप," रामभाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "तुजं भलंच करत व्हतो."

"माजं भलं करा. ह्यांचं काम नका घेऊ."

साहेबाने फळकुटं बघितली, पारूची सालं गेलेली बोटं बघितली. मला त्याने सांध्यावर बोट ठेवून विचारलं. मी हाताने घास खाऊन दाखवला. भात. तो मोठ्याने हसला आणि मग हात मांडीला लावून माझ्यासमोर वाकला. असा माझ्यासमोर तोवर कुणी वाकलं नव्हतं. काय करावं ते न सुचून मीही वाकलो. रामभाऊ खिडकीबाहेर बघत राहिला.

यंत्र पौषात चालू झालं आणि साहेब आपल्या देशी परत गेला. दुसऱ्या दिवशी रामभाऊने पारूला सांगितलं, "उद्यापासनं भायेर. अंगण बघ." कारण त्याने दिलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मीच चिडलो. "गप बसली असतीस तर आत राह्यली असतीस. पाळणा मोडला, पाठ मोडली, कशासाठी मंग?"

ती पाय धूत होती. म्हणाली, "गप बसले असते तर सुरीचं घर रामभाऊचं झालं असतं."

मला तेव्हा ते पटलं नाही. थकलेल्या माणसाला पटत नाही. पुढे रात्रशाळेत अक्षरं शिकलो, तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला लावलं. त्या दिवशी घरी आल्यावर, तुझं खरं होतं, असं पारूला सांगावंसं वाटलं, पण ती झोपली होती.

वाल्मिकचा मुलगा पुढच्या साली झाला आणि साडीच्या झोळीत वाढला. पारूने बंगल्याचं अंगण आणखी बारा वर्षं झाडलं. आत तिला परत कुणी बोलावलं नाही. एकोणीसशे ब्याऐंशी साली, भातकापणी चालू असताना, पारू काविळीने वारली.