कोंडी बोलली तेव्हा मी वाजत होतो

मी चौक गावच्या धर्माजीचा कर्णा. सभेला बांबूच्या टोकावर बांधतात तो रुंद तोंडाचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा भोंगा. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगत आलो. आज माझं ऐका.

मुंबईतल्या एका कारखान्यात मला साच्यावर दाबून घडवलं. बासष्ट साली धर्माजी मला छातीशी धरून एस.टी.तून घेऊन आला. त्याआधीच्या वर्षी बुद्धवाड्यातल्या जयंतीला गावातल्या कर्णेवाल्याने आपला कर्णा द्यायला सरळ नकार दिला होता. तो नकार धर्माजीच्या जिव्हारी लागला. वर्षभर त्याने सायकलींची पंक्चरं काढली, चहा सोडला आणि मला आणलं. वाड्यात मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा तो म्हणाला, "आता कुनाच्या दारात जायचं नाय." त्याची बायको गंगाबाई माझ्यावरची धूळ पदराने पुसत राहिली.

मग लग्नं, बारशी, कुस्त्यांचे फड, आणि सभा. सभांनी मला माणसं शिकवली. पुढारी आधी माईकवर टिचकी मारतो, मग फुंकर घालतो, मग म्हणतो की फक्त दोन शब्द बोलतो. त्या दोन शब्दांत माझ्या दोन बॅटऱ्या बसायच्या. गरिबांवर बोलताना आवाज चढायचा आणि भाडं देताना उतरायचा.

धर्माजीचं दुकान म्हणजे हमरस्त्याला लागून एक पत्र्याची टपरी. जागा बापूसाहेब पिंगळ्यांची. बापूसाहेबांच्या आंब्याच्या बागा होत्या, कोंबड्यांची पोल्ट्री होती, दोन ट्रक होते. शिवाय मोहोपाड्याच्या बाजूला एका केमिकल कारखान्याची नवी इमारत उठत होती, तिथे मजूर पुरवायचा ठेकाही त्यांचाच. गंगाबाई त्याच ठेक्यावर घमेली वाहायला जायची. तिच्याबरोबर ठाकरवाडीची कोंडी असायची. दोघी एकाच शिडीवर वरखाली करत. पुरुष माल कालवत, बायका तो डोक्यावरून स्लॅबवर नेत.

एकोणऐंशी सालचा मार्च. निवडणूक तोंडावर आली होती. गावातल्या मंडळाने शाळेच्या पटांगणात रविवारी जाहीर वादविवाद ठेवला. विषय, 'आयकर कोणी भरावा?' एका बाजूला बापूसाहेब. दुसऱ्या बाजूला गुप्ते, त्याच कारखान्याच्या कचेरीतले हेडक्लार्क आणि नोकरदारांचे पुढारी. दोघांचं हाडवैर सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

गुप्त्यांनी सुरुवातच चावरी केली. "आमचा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. एक पैसा लपवता येत नाही. आणि बापूसाहेबांचं सगळं उत्पन्न शेतीचं! म्हणजे कर शून्य! त्यांच्या ट्रकांनासुद्धा मोहोर येतो, असं कागदावर आहे."

नोकरदार हसून लोळले. बापूसाहेबांचा चेहरा तापला. त्यांनी माईक ओढूनच घेतला.

"पंख्याखाली बसून सह्या करणाऱ्याने मला शेती शिकवू नये! तुमच्या मोठ्या साहेबाला बंगला फुकट, मोटार फुकट, माळीसुद्धा फुकट. त्यावर किती कर भरतो तो? गारपीट झाली तर माझी बाग झोपते. तुमचा पगार कधी गारपिटीने झोपला?"

तासभर हेच. चोर, लुटारू, बांडगूळ, जे तोंडात येईल ते माझ्या घशातून बाहेर पडत होतं. दोन्ही बाजूंची माणसं बाह्या सरसावून उभी राहिली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला प्रश्न आहे का?"

"मला हाय," असं म्हणत कोंडी उठली. कुणी अडवायच्या आत ती पायऱ्या चढून वर आली. पायांना वाळलेलं सिमेंट तसंच होतं.

"उतर खाली!" कुणीतरी ओरडलं.

तिने माईक दोन्ही हातांनी धरला, शिडी धरावी तसा. "मी कोंडी. ठाकरवाडीची. बापूसायबाच्या ठेक्यावर घमेली वाहते. तुमी दोगं कर कोनी भरायचा म्हनून भांडताय. आमाला लावा. आमी भरू. पन आदी कर लागंल येवडी मजुरी तर द्या!"

पटांगण हसलं. त्या हसण्यात प्रेम नव्हतं.

"हसू नका. बाप्याला सा रुपये, बाईला च्यार. सारकी मजुरी द्यायचा कायदा झालाय म्हनतात. तवा कागदावर आमाला बी सा रुपये लिवलेत, आन सा रुपयांवर अंगठा घेतात. हातात देतात च्यार. मला वाचता येत नाय, पन हिनं वाचलं." कोंडीने बोट केलं ते गंगाबाईकडे. गंगाबाई विहारातल्या रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकली होती. "त्या कागदावर तपासलं म्हनून गुप्तेसायबाची सही हाय. मंग आमचे दोन रुपये कुठं जातात? आमचा कर तर रोजच कापला जातोय की!"

हसू थांबलं. आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरलो नाही. तासभर एकमेकांचे गळे धरणारी दोन माणसं एकाच सुरात बोलली.

"धर्माजी, मशीन बंद कर!" बापूसाहेब गरजले.

"बरोबर आहे," गुप्ते घाईने म्हणाले. "विषय आयकराचा आहे. बाई विषय सोडून बोलतायत. बंद करा, बंद करा."

धर्माजीचा हात बटणावर गेला. टपरीची जागा बापूसाहेबांची, बायकोचं काम बापूसाहेबांचं. त्याने बटण फिरवलं. माझा आवाज गेला. कोंडीचे ओठ हलत होते आणि पटांगणाच्या टोकाला काही म्हणजे काही पोचत नव्हतं. मी वाड्यासाठी आणलेला कर्णा, आणि अशी मुकी केलेली बाई माझ्यासमोर उभी. मला माझीच लाज वाटली.

गंगाबाई गर्दीतून मशीनपाशी आली. ओरडली नाही.

"अवो, आपल्याला कर्ना मिळाला नव्हता, तवा कसं वाटलं व्हतं?"

धर्माजीने तिच्याकडे पाहिलं. मग बटण पुन्हा फिरवलं, पार शेवटापर्यंत. मी एवढ्या मोठ्याने कधीच वाजलो नव्हतो. "दोन रुपये!" कोंडीचा आवाज थेट हमरस्त्यापर्यंत गेला. जाणारा टेंपो थांबला. "दोन रुपये रोज! सोळा बायांचे! हिशेब द्या!"

पहिला दगड माझ्या कडेला बसला. दुसऱ्याने बांबू हलला. कुणाच्या बाजूच्या माणसांनी मारले ते सांगता येत नाही, दोन्हीकडून येत होते. मी खाली कोसळलो, तोंड चेपलं, आत एक तडा गेला. मशीन कुणीतरी लाथाडलं. धर्माजी माझ्यावर आडवा पडला आणि पाठीवर लाथा खात राहिला. कोंडीला बायकांनी घेरून बाहेर काढलं.

आठ दिवसांत टपरी उठली. कोंडी आणि गंगाबाईला ठेक्यावरून काढलं. पण राहिलेल्या चौदा जणींनी घमेली उचलली नाहीत. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या, काम अडलं, मोठा साहेब खवळला. बाराव्या दिवशी बायकांच्या हातात सहा रुपये पडले. त्या दोघींना मात्र परत घेतलं नाही. गुप्त्यांची बदली झाली नाही की बापूसाहेबांना कुणी विचारलं नाही. निवडणुकीत दोघांच्याही पक्षांनी मला पुन्हा बोलावलं नाही.

कोंडी लाकडाची मोळी घेऊन एकदा आमच्या दारात बसली होती. "तुजं दुकान गेलं रं माज्यापायी," ती म्हणाली.

"पत्रा गेला," धर्माजी म्हणाला. "हात हायेत ना." पण तो तिच्याकडे बघत नव्हता. रात्रीचं काय शिजवायचं, याची काळजी त्याच्या तोंडावर होती. खोटं कशाला सांगू?

आम्ही मोहोपाड्याला आलो. धर्माजी रस्त्याकडेला झाडाखाली पंक्चर काढतो. माझं तोंड त्याने लाकडी हातोडीने सरळ केलं, पण आवाज फाटका तो फाटकाच. वर्षातून एकदा जयंतीला वाजतो, बाकी खुंटीवर.

गेल्या हिवाळ्यात गुप्ते आले. आता निवृत्त, केस पिकलेले. पेन्शनवरच्या कराविरुद्ध सभा घ्यायची होती, खोपोलीचे नवे कर्णे त्या दिवशी लग्नांना गेले होते. "तीस रुपये देतो," ते म्हणाले.

धर्माजी टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. "फुकट नेवा. पन पयली कोंडी बोलंल."

गुप्त्यांनी चष्मा पुसला आणि ते चालू लागले.

"तीस रुपये गेले," धर्माजी म्हणाला.

"जाऊ द्या," गंगाबाई म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

लोकहो, मी अजून वाजतो. कर वाढला म्हणून चिडून या, पगार कमी म्हणून चिडून या, एकमेकांना शिव्या द्यायला या. धर्माजी भाड्याची घासाघीस करणार नाही. फक्त येताना वक्त्यांच्या यादीत नाव नसलेलं एक माणूस बरोबर आणा, आणि त्याचं बोलणं पुरं होईतो बटणाला हात लावू नका.